संस्थापकांचे हेझिंग कोणी केले होते?

गेल्या आठवड्यात ताईने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारले, "हे खरे असेल तर त्याला अडवायला नको ना?" तिचा मुलगा अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या एका फ्रॅटर्निटीने, म्हणजे ग्रीक अक्षरांचे नाव आणि बहुधा स्वतःचे घर असलेल्या, निवडक विद्यार्थ्यांच्या संघटनेने, त्याला सदस्यत्वाचे आमंत्रण, म्हणजे तिथल्या भाषेत 'बिड', दिले आहे. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये फिरणाऱ्या या मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: फ्रॅटर्निटी १७७६ पासून अखंड चालत आल्या आहेत; १८२५ नंतरचे दोन-तीन वगळता सगळे राष्ट्राध्यक्ष त्यांचे सदस्य होते; आत गेलेल्याला नोकरीची चिंता उरत नाही; आणि 'हेझिंग', म्हणजे आत घेण्याआधी नव्या मुलांना दारू पाजणे, छळणे, ही संस्थापकांपासूनची परीक्षा असून तिने मुलगा कणखर होतो, आपल्याकडच्या रॅगिंगशी तिचा काही संबंध नाही.

राष्ट्राध्यक्षांचा दावा कागद-पेन्सिल घेऊन बसले तरी टिकत नाही. लिंकन आणि अँड्र्यू जॉन्सन कॉलेजात गेलेच नव्हते. ग्रँट आणि आयझेनहॉवर वेस्ट पॉइंटचे, कार्टर नौदल अकादमीचे, आणि या लष्करी संस्थांत अशा फ्रॅटर्निटी नसतात. इथेच पाच झाले. क्लीव्हलँड यांनीही कॉलेज पाहिले नव्हते, तरी सिग्मा काय ही फ्रॅटर्निटी त्यांना आपल्यात मोजते; म्हणजे माणूस मोठा झाल्यावर त्याला मानद सदस्य करायचे आणि पुढे तो आमच्यामुळे मोठा झाला असे सुचवायचे. फोर्ड, रेगन आणि दोन्ही बुश विद्यार्थिदशेत खरोखरच सदस्य होते, हे मात्र मान्य करावे लागते.

१७७६ चे वर्ष अर्धे खरे आहे. त्या वर्षी ५ डिसेंबरला विल्यम अँड मेरी कॉलेजात फाय बीटा कप्पा स्थापन झाली, तिला ग्रीक अक्षरांचे नाव होते आणि गुप्त विधीही होते. पण १८३१ मध्ये तिच्या हार्वर्डच्या शाखेने गुप्तता सोडली, आणि आज ती गुणवंत विद्यार्थ्यांना मिळणारा निव्वळ बहुमान आहे, मुलींनाही मिळणारा. भाच्याला बोलावणाऱ्या घराची वंशावळ न्यायचीच तर ती न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात १८२५ मध्ये निघालेल्या कप्पा अल्फा सोसायटीपर्यंत नेता येईल.

आता हेझिंग, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. फॉरवर्डमध्ये 'थोर परंपरा' म्हणून बीटा थीटा पायचे नाव घेतले आहे, तेव्हा तिचेच उदाहरण घेऊ. ही फ्रॅटर्निटी ८ ऑगस्ट १८३९ रोजी ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावी, मायामी विद्यापीठात, जॉन रायली नॉक्स आणि त्याच्या सात सोबत्यांनी काढली. या आठ जणांचे हेझिंग कोणी केले होते? त्यांच्या आधी आत कोणी नव्हतेच. नवख्यांना छळण्याची चाल कॉलेजांत होती, पण ती दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना पिडण्याची होती, आणि फ्रॅटर्निटींमध्ये ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुरली. संघटनेची वाढही अखंड म्हणावी अशी नाही. १८४८ च्या हिवाळ्यात मायामीच्या मुलांनी मुख्य इमारतीची दारे बर्फाने बुजवली, त्यापायी झालेल्या हकालपट्टीत बीटाची मूळ शाखाच बंद पडली आणि १८५२ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. पुढे १८७९ मध्ये अल्फा सिग्मा काय आणि १८८९ मध्ये मिस्टिकल सेव्हन या संघटना सामावून घेत तिने आपला पसारा वाढवला. या वाढीत चिकाटी आहे, संघटनकौशल्य आहे. मुलांना दारू पाजल्यामुळे ती झाली, असे म्हणायला आधार कुठे आहे?

कणखरपणाचे काय होते, ते याच फ्रॅटर्निटीच्या, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या घरात २ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री दिसले. घरातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, आले, त्यामुळे इथे ऐकीव काही नाही. टिमोथी पिआझा हा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्याच दुसऱ्या वर्षाचा मुलगा. कागदोपत्री दारूबंदी असलेल्या त्या घरात नव्या मुलांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पळवत व्होडका, बिअर आणि वाइन पाजण्यात आली. तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला. त्याला उचलून कोचावर टाकले, तोंडावर पाणी मारले, थोबाडीत मारल्या; आणि उताणा होऊन उलटीने गुदमरू नये म्हणून पुस्तकांनी भरलेली पाठपिशवी त्याच्या पाठीला बांधली. म्हणजे मुलगा गुदमरू शकतो, हे त्यांना कळत होते. मदत बोलवा, असे म्हणणाऱ्या एका नवख्या मुलाला ढकलून बाजूला काढले. रुग्णवाहिकेसाठी फोन गेला तो जवळपास बारा तासांनी, आणि ४ फेब्रुवारीला तो मुलगा गेला. प्लीहा फाटलेली, डोक्याला जबर इजा.

रॅगिंगशी संबंध नाही म्हणे! महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये पिआझाच्या नावाने कायदा करून जिवावर बेतणारे हेझिंग हा गंभीर गुन्हा ठरवला. दोन्हीकडे बळी पडणारा तोच, नवखा आणि नाही म्हणायला संकोचणारा.

नोकरीच्या ओळखी मिळतात, हे नाकारत नाही. त्या प्राध्यापकांकडून, प्रयोगशाळेतून आणि आपल्याकडच्या मंडळांतूनही मिळतात, आणि तिथे कोणी व्होडकाची बाटली पुढे करत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत देशपातळीवर जो कायदा झाला, त्यानुसार विद्यापीठांना हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांची नावे आणि त्यांनी केलेले प्रकार आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. भाच्याच्या विद्यापीठाच्या त्या पानाची लिंक मी ताईला पाठवली आहे. त्याला बिड देणाऱ्या घराचे नाव त्यात आहे का, हे त्याने होकार कळवण्याआधी स्वतः पाहावे, आणि असेल तर नेमके काय घडले होते ते आईला वाचून दाखवावे, एवढेच मी त्याला सांगितले आहे.