ट्रेलर डुलायला लागला की ॲक्सिलरेटर दाबायचा नसतो

पावसाळा तोंडावर आला की पूरबचावाच्या आमच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा चार दिवसांत तो मला सहा जणांनी पाठवला. त्यातले दोघे स्वतः बोट ओढून नेणारे आहेत, म्हणून हे लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा:

"हायवेवर बोटीचा ट्रेलर डुलायला लागला तर ॲक्सिलरेटर दाबा, ओढ बसली की ट्रेलर आपोआप सरळ होतो. ब्रेक मारलात तर पलटी. हुकावर वजन येऊ देऊ नका. टाकी, नांगर, दोर सगळं बोटीच्या मागच्या बाजूला ठेवा, म्हणजे जीप मागून बसत नाही. ट्रेलरच्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा. ओढणारी गाडी जड असेल तर काळजीच नाही."

यातलं ब्रेकचं वाक्य तेवढं अर्धं खरं आहे. बाकीचं सगळं धोक्याचं, आणि त्यातही हुकावरच्या वजनाचं सगळ्यात जास्त. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

"हुकावर वजन येऊ देऊ नका"

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही आमची फायबरची बोट कागलच्या पुढे दूधगंगेवर सरावाला नेत होतो. बोट मीच भरली होती. 40 हॉर्सपॉवरचं इंजिन बोटीच्या पाठीला लटकलेलं होतंच. मागून चढवायला सोपं जातं म्हणून पेट्रोलची टाकी, नांगर, दोर आणि जॅकेटं मी तिथेच टाकली. गोकुळ शिरगाव ओलांडल्यावर एक कंटेनर शेजारून जोरात पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर आधी बाहेर ढकलला, मग आत ओढला. आरशात बोटीची डावी कड दिसली, मग उजवी, मग परत डावी, आणि दर खेपेला जरा जास्तच. जीपचं मागचं अंग कुणीतरी धरून हलवतंय असं वाटत होतं. शेजारी बसलेला मित्र ओरडला, "दाब, दाब!" त्यानेही हाच मेसेज वाचला होता. मी दाबला. क्षणभर ट्रेलर सरळ झाला, आणि पुढच्या हेलकाव्याला बोट शेजारच्या लेनमध्ये निम्मी गेली. मी पाय काढला. पुढे चढ होता म्हणून वेग झटकन उतरला, आणि चाळिसाच्या आसपास डुलणं आपोआप विरलं.

पुढे पंक्चरच्या दुकानापाशी गाडी थांबवली. दुकानातल्या मामांनी उमेदीची वर्षं उसाची बैलगाडी हाकण्यात घालवलेली. त्यांनी ट्रेलर हुकातून सोडवायला लावला, दांडीखाली हात घातला आणि एका हाताने ती उचलून दाखवली. "गाडी उलाळ झालीया तुमची. म्होरं वझं घ्या. जुवावर वझं नसलं तर बैलाला गाडी कळत न्हाई."

उलाळ म्हणजे मागे वजन जास्त झाल्याने पुढून उचलली जाणारी गाडी. मेसेजमधल्या सल्ल्याचं उत्तर मामांच्या त्या बोलण्यात आहे. गाडी भरताना जुवावर बेताचा दाब राहील असं बघायचं, हे आपल्याकडच्या गाडीवानाला कुणी शिकवावं लागत नाही. ट्रेलरचा नियम तोच. बोट, सामान आणि ट्रेलर मिळून जेवढं वजन होतं, त्याच्या साधारण 10 ते 15 टक्के भार हुकावर यावा. बोटीच्या काही ट्रेलरना बनवणारे यापेक्षा थोडा कमी आकडा देतात. तसा आकडा दिलेला असेल तर तो पाळावा. वजन चाकांच्या मागे गेलं की ट्रेलरला स्वतःहून सरळ होण्याची ओढ राहत नाही. एक धक्का बसला की शेपूट हलायला लागतं आणि प्रत्येक हेलकावा पुढच्याला बळ देतो.

घरी आल्यावर आम्ही ते मोजलं. ट्रेलर सपाट जागेवर उभा केला, चाकांना दगड लावले आणि दांडीचं टोक लाकडी ठोकळ्यावर, हुकाच्याच उंचीला येईल असं ठेवलं. ठोकळ्याखाली माणसांचं वजन करायचा साधा काटा. काटा 25 किलोवर थांबला. सगळं मिळून वजन 600 किलो, म्हणजे हुकावर जेमतेम 4 टक्के. मग टाकी, नांगर आणि बाकीचं 40 किलो सामान चाकांच्या दोन मीटर मागून उचलून चाकांच्या अर्धा मीटर पुढे आणलं. चाकं ते हुक हे अंतर साडेतीन मीटर आहे, त्यामुळे तेवढ्यानेच हुकावर 28 किलो वाढले. नंतर विंचचा, म्हणजे बोट पुढून ओढून धरणाऱ्या चरखीचा, खांब सोडवून इंजिनासकट 400 किलोची बोट दहा सेंटीमीटर पुढे घेतली, त्याचे आणखी 11. काट्यावर 64 आले. ना नवीन सुटा भाग लागला, ना पैसे. एक पाना आणि दुपार पुरली.

एक चूक मात्र करू नका. मागचं इंजिन तोलायला म्हणून अगदी नाकाशी जड वस्तू ठेवली तर काट्यावर आकडा बरोबर दिसेल, पण दोन्ही टोकं जड झालेला ट्रेलर एकदा हलला की लवकर थांबत नाही. जड सामान चाकांजवळ, किंचित पुढे ठेवावं. हुकावर फार भार टाकणंही वाईटच. जीप मागून बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते. मेसेज लिहिणाऱ्याची जीप बसण्याची भीती खोटी नाही, उपाय मात्र उलटा आहे. तुमच्या गाडीच्या हुकाला किती भार चालतो ते आधी बघा, आणि आकडा त्याच्या आत ठेवा.

यातच पाण्याचंही सांगतो, कारण आपल्याकडे जुलैत हे घडतंच. उघड्यावर उभ्या बोटीत पाऊस साठतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि बोटीचं नाक वर असल्यामुळे ते सगळं मागे जाऊन बसतं. निघण्याआधी बोटीच्या तळाचं बूच काढून पाणी सोडा आणि रस्त्यावर बूच काढलेलंच ठेवा. आम्ही ते बूच जीपच्या किल्लीला बांधतो. किल्ली काढल्याशिवाय बोट पाण्यात जात नाही, त्यामुळे बूच लावायचं राहत नाही.

"ॲक्सिलरेटर दाबा"

हा सल्ला इतका का पसरला ते मला कळतं, कारण पहिल्या क्षणी तो खरा वाटतो. ओढ बसली की दांडी ताणली जाते. पण वेगही वाढतो, आणि वेग हेच डुलण्याचं मूळ खाद्य आहे. प्रत्येक गाडी-ट्रेलरच्या जोडीला एक वेग असतो. त्याच्या खाली हेलकावे आपोआप विरतात, वर गेलात की वाढत जातात. उलाळ ट्रेलरचा हा वेग खूप खाली येतो. डुलणं सुरू झालं याचा अर्थ तुम्ही त्या वेगाच्या जवळ किंवा वर आहात, आणि दाबल्याने आणखी वर जाता. शिवाय किती वेळ दाबणार? कधीतरी पाय काढावाच लागतो, आणि तेव्हा ट्रेलर जास्त वेगात मागून ढकलतो. उतारावर तर हे सरळ जिवावर बेततं.

"ब्रेक मारलात तर पलटी"

जीपचा ब्रेक कचकन दाबू नये, हे खरं. जीप थांबू बघते, मागचे 600 किलो थांबायला तयार नसतात, आणि ट्रेलर तिरका असताना ते जीपचं मागचं अंग बाजूला ढकलतात. पण म्हणून वेग वाढवायचा हे त्यातून निघत नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरा, वेग आपोआप उतरू द्या. हेलकाव्याच्या उलट स्टिअरिंग फिरवायचा मोह होतो, तो आवरा. आपला हात नेहमी थोडा उशिरा पोचतो आणि पुढच्या झोक्याला भर घालतो. ट्रेलरला विजेवर चालणारे स्वतंत्र ब्रेक असतील आणि त्यांचा खटका गाडीत असेल, तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावावेत. मागून ओढ बसली की तो सरळ येतो. आमच्या ट्रेलरला ब्रेकच नाहीत, म्हणून आम्ही साठीच्या वर जात नाही आणि उतार लागायच्या आधीच गिअर खाली घेतो.

टायर आणि जड गाडी

हवा कमी असली की टायरची बाजू लवते, आणि ट्रेलरला हलायला तेवढी जागा मिळते. टायर गार असताना, त्या टायरला आणि भाराला सांगितलेली पूर्ण हवा भरा. जीपच्या मागच्या टायरांनाही हेच लागू.

जड आणि लांब गाडीचा उपयोग होतो, हे मान्य. पण ती डुलणं उशिरा जाणवू देते. उलाळ ट्रेलर तिच्यामागेही उलाळच असतो, आणि चालकाला कळेपर्यंत वेग बराच चढलेला असतो.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी ओलांडते तेव्हा फोन यायला लागतात, आणि 43 ला धोका पातळी गाठेपर्यंत बोटी रस्त्यावर असाव्या लागतात. 2019 ला आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. त्या रात्री कुणी काटा काढून वजन करत बसणार नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून आम्ही ते मे महिन्यातच करून ठेवलं. बोटीच्या तळावर पिवळ्या रंगाने तीन चौकोन काढलेत: टाकी, नांगर, दोर. विंचच्या खांबाची जागा ट्रेलरवर खूण करून ठेवली आहे. अंधारात, पावसात, नवीन मुलगा असला तरी सामान त्या चौकोनातच जातं. मग दहा किलोमीटरवर एकदा थांबायचं, पट्टे ओढून बघायचे, चाकांचे हब (मधले भाग) तापलेत का ते हात लावून बघायचं, आणि पुढे निघायचं.