एक जानेवारीचं भोपळ्याचं सूप

एक जानेवारीला सकाळी आठच्या आत आमचं दार वाजतं. बाहेर मॉन्ट्रियलची हाडं गोठवणारी थंडी आणि दारात समोरच्या आजी, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं गरम पातेलं. पहिल्या वर्षी मी त्यांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या. त्या म्हणाल्या, "त्याही घेते. पण आधी आमचा स्वातंत्र्यदिन."

आजी हैतीच्या, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या बेटावरच्या त्या देशाच्या. पातेल्यात असतं सूप जूमू. जूमू म्हणजे आपल्या लाल भोपळ्याच्याच जातीचा भोपळा. मांसाला लिंबू चोळून, हिरवं वाटण लावून आदल्या रात्रीच मुरवत ठेवायचं. मग भोपळा शिजवून, घोटून त्या रश्श्यात घालायचा. वर बटाटे, गाजर, कोबी, शलगम, थोडी मॅकरोनी आणि एक अख्खी झणझणीत मिरची. ती फुटू द्यायची नाही, हे आजींनी मला तीनदा बजावलंय.

आता हे सूपच का? हैती फ्रेंचांची वसाहत होती तेव्हा तिथल्या उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले लाखो गुलाम राबत. भोपळा त्यांनीच पिकवायचा, सूप त्यांनीच रांधायचं, पण खायचं मालकांनी. गुलामांना ते तोंडाला लावायची बंदी होती, असं हैतीत पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. १७९१ मध्ये या लोकांनी उठाव केला. नोव्हेंबर १८०३ मध्ये व्हेर्तिएरच्या लढाईत नेपोलियनच्या फौजेचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ ला गोनाईव्ह शहरात जाँ-जाक देसालीन यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. गुलामांनी बंड करून स्वतःचा देश उभा केल्याचं जगाच्या इतिहासातलं हे एकमेव उदाहरण. त्या दिवशी सगळ्यांना हेच सूप मिळावं असा आग्रह देसालीन यांच्या पत्नीने, मारी-क्लेर यांनी धरला, असं मानतात.

हे ऐकलं तेव्हा मला महाडचं चवदार तळं आठवलं. २० मार्च १९२७. ज्या पाण्याला शिवायची मनाई, त्याचीच ओंजळ भरून प्यायची. आजींना मी ते सांगितलं, तर त्या बराच वेळ माझा हात धरून बसल्या.

हैतीत त्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना होते, भाषणंही होतात. पण खरा सण घराघरातल्या चुलीवर असतो. पहाटेपासून पातेली रटरटतात, वाडगे या घरातून त्या घरात जातात, ज्याच्याकडे शिजलं नसेल त्याला शेजारी आणून देतात. दोन जानेवारी हा पूर्वजांचा दिवस, त्याचीही सुट्टी असते.

मला राग येतो तो एका गोष्टीचा. आपल्या बातम्यांत हैती आली की 'गरीब देश', 'टोळीयुद्ध', 'भूकंप' एवढंच येतं. गरीब कुणी केला, हे कुणी लिहीत नाही. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून हैतीकडून भरपाई मागितली, १५ कोटी फ्रँक. कशाची? मळेवाल्यांची 'मालमत्ता' गेली म्हणून. त्या मालमत्तेत माणसंही मोजलेली! १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आणली, पण ती फेडायला काढलेल्या कर्जांचं ओझं १९४७ पर्यंत उतरलं नाही. आपण स्वतंत्र झालो, ते साल. मुक्त झालेल्या माणसांनी स्वतःची किंमत मालकाला चुकवायची, याहून मोठा अन्याय मला तरी माहीत नाही. फ्रान्सने ते पैसे परत करायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे.

२०२१ च्या जुलैमध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली, ऑगस्टमध्ये मोठा भूकंप झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युनेस्कोने सूप जूमूला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. हैतीची त्या यादीतली ती पहिली नोंद. आजी तेव्हा फोनवर बहिणीशी बोलता बोलता रडत होत्या.

आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं परत देत नाहीत. यंदा मी त्या पातेल्यात लाल भोपळ्याचे घारगे भरून नेले. आजींनी दारातच एक मोडून तोंडात टाकला, डोळे मिटून चावला आणि विचारलं, "हा जूमूच ना?"