साडेतीन इंचांचा संशय

परवापासून मालवणच्या मासळीबाजारात शिरलो की एखादी तरी बाई हातातली सुरमई खाली ठेवते आणि विचारते, "मास्तरानू, गावला काय?" मी जन्मभर भूगोल शिकवला. घरात पाल दिसली तर मी खुर्चीवर चढतो आणि झाडू सौ. घेते. अशा माणसाच्या नावावर बाजाराने एक हरीण मांडलंय.

भाचा अमेरिकेत, विस्कॉन्सिनला असतो. तिथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. यंदा ऑफिसातले मित्र त्यालाही नेणार आहेत. त्यातल्या प्रत्येकाच्या सुरीला म्हणे घराणं आहे, मग आपलीही सुरी गावच्या लोहाराने घडवलेली हवी. दिवाळी आटोपली की त्याची आई तिकडे जाणार, ती मोठ्या बॅगेतून नेईल. हातातल्या बॅगेत चालत नाही. "मामा, तेवढं बघ ना."

तेवढं! त्याचे व्हॉइस मेसेज ऐकून मला निम्मी सर्जरी आली. पातं तीन ते चार इंचच हवं. हरीण पडलं की जागेवरच पोट उघडून आतडी काढायची असतात, म्हणजे मांस लवकर निवतं. लांब पात्याचं टोक जठरात किंवा मूत्राशयात घुसलं की मांसाची वाट. धार वर करायची, टोकाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं ठेवायची आणि कातडी आतून बाहेर कापत जायची. म्हणून टोक पाठीकडून जरा खाली उतरलेलं बरं. घडीचा चाकू नको, सांध्यात चरबी आणि केस अडकतात. पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध हवं. मूठ ओल्या हातातून निसटू नये, आणि नारिंगी असावी, पाचोळ्यात पडली तर दिसेल. पाठीवर हुकासारखा आकडा असलेल्या सुऱ्या मिळतात, पण त्या आकड्याला धार लावताना जीव जातो. राहता राहिलं पोलाद. कार्बनवाल्याला धार चटकन लागते पण ते गंजतं. स्टेनलेस गंजत नाही पण धार लावून घेताना रडवतं. हे त्याने मला सांगावं! आमच्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज पापुद्र्यापापुद्र्याने सुटतात.

लोहाराने हे सगळं ऐकलं आणि ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा उचलला. "समाजला. बोकडाक लागता तशीच, जरा बुटकी." एवढ्यावर काम संपलं असतं.

पण तिथे एक गृहस्थ कोयत्याला धार लावून घ्यायला बसले होते. पाऊस नव्हता, तरी छत्री उघडी.

"कित्याक व्हयी तसली सुरी?"

"हरीण सोलायला," मी म्हणालो. वाक्याचा उरलेला भाग, म्हणजे विस्कॉन्सिन, भात्याच्या आवाजात बुडाला.

गृहस्थांनी छत्री मिटली.

"अमेरिकेत हो! भाच्याला हवी आहे."

"हां हां. अमेरिकेत." एक डोळा सावकाश बंद झाला. "आमचोय एक भाचो आसा तसो. आंबोलीक ऱ्हवता."

मी चिडून सगळं समजावलं. तिथे परवाना लागतो. नारिंगी कपडे सक्तीचे; 2016 पासून गुलाबीही चालतात. मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते.

"म्हणजे मारल्यार सरकारच लिवन घेता?" ते हळहळले. "मग मजा काय ऱ्हवली?"

मग गोष्टीत त्यांचे आजोबा आले. आजोबांनी सांबर सोललं होतं, आणि तेही ह्याच कोयत्याने.

"कोयतो मीच दिलंय तुका, गेल्या पावसात," लोहार म्हणाला.

"मूठ आज्याची."

माणसाला गप्प करायचा माझा हुकमी उपाय म्हणजे माहिती देणं. वर्गात तो कायम चालला. म्हटलं, तिकडच्या हरणांना मेंदू पोखरणारा रोग होतो, विस्कॉन्सिनात तो 2002 साली सापडला. तेव्हापासून हातमोजे घाला, मेंदू आणि मणका कापू नका, मांस तपासून घ्या, असं सांगतात.

"उकडल्यार मरता सगळा."

"शिजवूनही मरत नाही तो!"

"तुमी मालवणी मसालो घाला."

यावर मला काही सुचलं नाही. तेवढ्यात त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "मास्तरानू, तुमी शिकलले माणूस. 1972 चो वन्यजीवांचो कायदो आसा. तुमका ह्या शोभता काय?" आसपासची चार डोकी वळेपर्यंत ते थांबले. मग माझ्या कानाशी आले. "गावला तर माझो वाटो ठेवा. काळीज."

इथे मात्र माझं डोकं फिरलं, आणि अजून जागेवर आलेलं नाही. आमच्याकडे कमरेच्या आकडीला हातभर कोयता लटकवून माणूस बँकेत जातो, लग्नाला जातो, ग्रामसभेत तावातावाने उठतो, आणि कोणी वळून बघत नाही. बघूही नये, कोयता शेतीचं अवजार. पण हत्यारांच्या कायद्यालासुद्धा सुरी खुपते ती पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर. घरकामाच्या आणि शेतीच्या हत्यारांना तेही लागू नाही. माझं पातं साडेतीन इंच! तरी आरोपी मीच, आणि आरोप करणारे सगळे वाटेकरी. एकाने तरी नुसतं रागवावं? रागवून झालं की प्रत्येकजण फऱ्याची चौकशी करतो.

ज्यावर बोलायला हवं त्यावर बाजार गप्प. डुकरं उभं भात लोळवून जातात. माकडं शहाळी फोडून अर्धी टाकतात. तिकडे दोडामार्गात हत्ती केळीच्या बागा आणि माड आडवे करतात आणि शेतकरी पंचनाम्याच्या कागदाकडे डोळे लावून बसतो. माझ्या शेजाऱ्याने बागेच्या राखणीवर जेवढा पैसा घातला तेवढ्यात त्याने नारळ विकत आणून वर्षभर खाल्ले असते. त्याला कोणी विचारत नाही, "गावला काय?"

सुरी उत्तम झाली. लोहाराने पाणी छान दिलं आहे, कागद नुसता टेकवला की कापला जातो. भाच्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "मामा, भारी! पण मूठ नारिंगी का नाही?"

काल सकाळी छत्रीवाल्यांचा नातू दारात उभा. हातात झाकणाचा मोठा टोप. "आज्यान सांगल्यान हा, आज नसात तर ऱ्हवांदे, टोप हयच ठेय."

टोप आमच्या ओटीवर आहे. सौ.ला तो बरा वाटला, तिने त्यात तांदूळ भरून ठेवलेत.