टायमर प्लगच्या भरवशावर शेतावरचा राउटर सोडू नका

सोलापूर, पंढरपूर, सांगोला भागातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "शेतावरचा सिमचा राउटर सारखा बंद पडतो? टायमर प्लग लावा, दर सहा तासांनी आपोआप बंद-चालू होऊ द्या. काड्या फुल दिसल्या म्हणजे नेट आहेच. वर दोन कंपन्यांची सिम टाका, रानात हेलपाटा मारायची गरज उरणार नाही."

मी डाळिंबाच्या बागांना ठिबकचं ऑटोमेशन आणि मोटरींवर कॅमेरे बसवून देतो. अडकलेला राउटर बंद-चालू केला की बऱ्याचदा जोडला जातो, एवढं त्या मेसेजमधलं खरं आहे. बाकीच्यावर विसंबून कोणी एप्रिल-मे काढू नये, म्हणून लिहितोय.

"काड्या फुल म्हणजे नेट आहेच." नाही. काड्या फक्त टॉवर आणि राउटर यांच्यातला सिग्नल दाखवतात. टॉवर बंद पडून परत सुरू झाला की पुष्कळदा असं होतं: कंपनीच्या यंत्रणेत तुमचं जुनं डेटा कनेक्शन पुसलं गेलेलं असतं, पण राउटरमधला मोडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, जुना आयपी पत्ता (नेटवरचा आपला नंबर) धरून बसलेला असतो. पॅनेलवर 'कनेक्टेड', काड्या चार, आणि बाहेर एक पॅकेट जात नाही. खात्री करायची तर राउटरनेच दर मिनिटाला दूरच्या पत्त्याला पिंग करून, म्हणजे छोटीशी हाक मारून, उत्तर येतंय का ते बघायचं. पत्ते दोन द्या, उदाहरणार्थ 8.8.8.8 आणि 1.1.1.1, म्हणजे त्यातला एक गप्प असला तरी राउटर उगाच घाबरणार नाही.

"टायमरने दर सहा तासांनी बंद-चालू करा." हा मुद्दा सगळ्यात जास्त पसरलाय आणि नुकसानही याच्यानेच जास्त होतं.

हिशेब बघा. टायमरने चालू केल्यावर पाच मिनिटांत कनेक्शन अडकलं, तर पुढचे पाच तास पंचावन्न मिनिटं तुम्ही आंधळे. उलट कनेक्शन धडधाकट असतानाही दिवसातून चारदा ते तोडलं जाणार, कदाचित व्हॉल्व्ह उघडा असतानाच. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट होत असताना लाईट तोडली गेली तर राउटर कायमचाच जाऊ शकतो. गोल चकतीचा साधा टायमर तर लाईटवरच फिरतो. लाईट चार तास गेली की त्याचं घड्याळ चार तास मागे पडतं. उजनी धरणातून भीमेत पाणी सोडतात, तेव्हा ते खालपर्यंत पोचावं म्हणून नदीकाठच्या मोटरींची लाईट कमी करतात. तिथे आठवड्याभरात टायमरच्या वेळा कुठल्या कुठे जातात.

आणि टॉवरच बंद असेल तर राउटर कितीदाही झटकून काय होणार? 4जीच्या नियमात मोडेमचे जोडणीचे पाच प्रयत्न फसले की त्याने थोडा वेळ थांबायचं असतं. नेटवर्कने वेगळं सांगितलं नसेल तर हा वेळ 12 मिनिटांचा. टॉवर सुरू झाल्यावर आजूबाजूचे सगळे फोन एकदम त्याच्यावर तुटून पडू नयेत, म्हणून ही सोय.

मग करायचं काय? चांगल्या राउटरमध्ये वॉचडॉग असतो, म्हणजे पिंगला उत्तर नाही आलं तर आपोआप दुरुस्ती करणारी सोय. तो पायरीपायरीने लावायचा. तीन मिनिटं उत्तर नाही आलं तर फक्त डेटा कनेक्शन तोडून पुन्हा जोडायचं. दहा मिनिटांनी मोडेम रिसेट. अर्ध्या तासाने पूर्ण राउटर रिस्टार्ट, आणि त्यानंतर तासाला एकदाच. दर दोन मिनिटांनी रिस्टार्ट लावणारेही मी पाहिलेत. तिथे मोडेमला टॉवर शोधायलाच वेळ मिळत नाही, टॉवर परत आला तरी राउटर बाहेरच राहतो.

एक गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. मंगळवेढ्याकडच्या एका बागेत रात्री लाईट गेली, पहाटे आली. राउटर उठला, 8.8.8.8 कडून उत्तर येत होतं, वॉचडॉग शांत. तरी घरून बाग दिसेना. सिमच्या नेटवर बाहेरून थेट राउटरपर्यंत सहसा पोचता येत नाही, म्हणून मी वायरगार्ड या सॉफ्टवेअरचा बोगदा (नेटवरची खाजगी वाट) वापरतो, म्हणजे राउटरच आतून बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करतो. त्या राउटरच्या घड्याळाला बॅटरी नव्हती, म्हणून तो जुनीच वेळ घेऊन उठला. जुन्या वेळेचा शिक्का असलेली जोडणीची हाक आली की ती कोणीतरी जुनी रेकॉर्ड करून पुन्हा वाजवलीय असं सर्व्हर समजतो आणि गुपचूप टाकून देतो. वेळ दुरुस्त करायची विनंतीही मी त्याच बोगद्यातून पाठवायला लावली होती! दहा वेळा बंद-चालू केलं असतं तरी तो दर वेळी त्याच जुन्या वेळेवर उठला असता. आता वेळेची विनंती बोगद्याच्या बाहेरून जाते, आणि वॉचडॉग बोगद्याच्या पलीकडच्या टोकालाही पिंग करतो.

"दोन सिम टाका." टाका, पण दोन्ही कंपन्यांचे अँटेना बऱ्याचदा एकाच टॉवरवर असतात. त्याची बॅटरी संपली की दोन्ही एकदम जातात. बसवण्याआधी लोडशेडिंगच्या वेळी दोन्ही फोन घेऊन रानात थांबा, कळेल. दुसऱ्या सिमचा रिचार्ज संपलेला असणं हा तर नेहमीचा प्रकार, कारण ते वापरातच नसतं.

मेसेजमध्ये बॅटरीचा शब्दही नाही, त्याचं मला वाईट वाटतं. 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी 5 वॉटच्या राउटरला कागदावर सोळा तास पुरते. प्रत्यक्षात दहा धरा. टायमरच्या पैशांत थोडी भर घालून आधी ती घ्या.

बसवून झाल्यावर निघण्याआधी मी वॉचडॉगचे दोन्ही पिंग-पत्ते काढून 192.0.2.1 टाकतो. हा पत्ता फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथून उत्तर येत नाही. मग बांधावर बसून बघतो: तीन मिनिटांनी कनेक्शन, दहाला मोडेम, अर्ध्या तासाला रिस्टार्ट, क्रमाने होतंय का. झालं की खरे पत्ते परत टाकायचे, डबा बंद करायचा.