गुणतालिकेच्या तळाशी बसलेल्या मालकास काही सूचना

आपला ई-स्पोर्ट्स संघ गुणतालिकेत खालून दुसरा आहे ही बातमी आपल्याला उशिरा कळली असेल, तर त्यात आपला काही दोष नाही. संघ जिंकत असताना रोज फोन करणारी माणसे तो हरू लागला की दुसऱ्या कामात व्यग्र होतात. आता कळलेच आहे, तर सर्वप्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती म्हणजे संघ हरतो तो केवळ खेळाडूंमुळे. खेळाडूंची निवड करणारे, त्यांचे करार लिहिणारे, सरावाचे वेळापत्रक आखणारे आणि दर हंगामाला प्रशिक्षक बदलणारे लोक सामन्याच्या वेळी संगणकासमोर बसलेले नसतात, आणि जो पडद्यावर दिसत नाही त्याच्या माथी खापर फोडणे फार गैरसोयीचे असते. पाच खेळाडू मात्र प्रत्येक फेरीत कॅमेऱ्यासमोर मरतात.

खेळाडू काढायचा हे एकदा ठरले की कोणता काढायचा हे गुणफलक सांगतो. काउंटर-स्ट्राइकसारख्या, पाच विरुद्ध पाच अशा बंदुकांच्या संगणक खेळात सामना संपताच पाच नावे आणि त्यांच्यापुढे आकडे झळकतात, आणि त्यातले सर्वांत खालचे नाव पुष्कळदा कर्णधाराचे, म्हणजे इन-गेम लीडरचे असते. हा गृहस्थ स्वतःच्या नेमापेक्षा इतर चौघांनी कोठे उभे राहावे, प्रतिस्पर्ध्यांकडे पुढच्या फेरीत बंदुका घेण्याइतके पैसे उरले आहेत का, धूर कधी सोडावा, याच विवंचनेत असतो. २०१६ साली हा खेळ बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने प्रशिक्षकांना फेरी चालू असताना बोलण्यास मनाई केली, तेव्हा तर हे सारे ओझे त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आले. परंतु विचारांना गुणफलकावर रकाना नाही. तेव्हा त्यालाच काढावे.

याबाबतीत आपल्याला थोर परंपरा लाभलेली आहे. फेझ क्लॅन या ई-स्पोर्ट्स संस्थेने निरनिराळ्या देशांतून नामांकित खेळाडू एकत्र आणून जो संघ उभारला होता, तो जानेवारी २०१८ मध्ये बोस्टनच्या मेजर, म्हणजे काउंटर-स्ट्राइकच्या सर्वांत मानाच्या, स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, निर्णायक तिसऱ्या मॅपवर (खेळाच्या नकाशावर) १५–११ ने पुढे होता. आणखी एक फेरी जिंकली की विजेतेपद, अशी स्थिती होती. प्रतिस्पर्धी क्लाउड९ने तेथून बरोबरी साधली आणि दुसऱ्या जादा वेळेत २२–१९ असा विजय मिळवला. त्या वर्षाच्या अखेरीस फेझने आपला कर्णधार कॅरिगन याला बाजूला केले आणि नेतृत्वाची जबाबदारी संघातील सर्वोत्तम नेमबाजावर, निकोवर टाकली. सर्वोत्तम नेमबाजाला विचार करायला लावणे ही युक्ती तर आपण अवश्य उचलावी, कारण तिच्यामुळे संघाला ना पूर्ण वेळ कर्णधार मिळतो, ना पूर्ण वेळ नेमबाज. पुढे २०२१ मध्ये फेझने त्याच कॅरिगनला परत आणले आणि त्याच्या नेतृत्वाखाली मे २०२२ मध्ये अँटवर्पची मेजर जिंकली, हा तपशील बैठकीत सांगू नये. निर्णय घेणाऱ्यांचा आत्मविश्वास विनाकारण डळमळतो.

हरलेल्या सामन्याचे रेकॉर्डिंग पाहण्याच्या बैठकीला मालकाने एकदा तरी जाऊन बसावे. तेथे प्रशिक्षक चित्र थांबवून खेळाडूंच्या बोलण्याचा ध्वनी ऐकवतो. एक जण ‘आत चला’ म्हणत असतो, दुसरा ‘थांबा, माझ्याकडे फ्लॅश बॉम्ब नाही’ असे ओरडत असतो, तिसरा अजून मागच्या फेरीत आपण का मेलो ते समजावत असतो, आणि या कल्लोळाखाली कर्णधाराचा आवाज अगदी अस्पष्ट ऐकू येतो. पाचामुखी परमेश्वर असे म्हणतात खरे, परंतु पाचही मुखे एकाच क्षणी उघडली की परमेश्वरदेखील सामना सोडून निघून जात असावा. पाच माणसांनी कोणी केव्हा बोलायचे आणि केव्हा गप्प बसायचे हे ठरायला कित्येक महिने एकत्र खेळावे लागते, असे प्रशिक्षक या ठिकाणी सांगू लागेल. आपण त्याला मध्येच थांबवून ‘सर्वांत आधी मेले कोण?’ एवढेच विचारावे आणि मिळालेले नाव वहीत लिहून घ्यावे. बैठक संपली.

आता नव्या भरतीकडे वळू. नियम साधा आहे: जो खेळाडू सर्वांत प्रसिद्ध, तो सर्वांत उपयुक्त. डोटा २ या सांघिक लढाईच्या खेळात पाच जणांच्या पाच निराळ्या भूमिका असतात, नकाशावरचे सोने, म्हणजे साधने घेण्याचा पैसा, मर्यादित असते, आणि चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या खेळाडूंनी स्वतः कंगाल राहून पहिल्याला श्रीमंत करायचे असते, असले बारकावे जाणकारांसाठी सोडून द्यावेत. आपण पहिल्या क्रमांकाचे तीन खेळाडू घ्यावेत. तिघांच्या चाहत्यांची बेरीज प्रायोजकाला दाखवता येते. तिघांत वाटले गेलेले सोने कोणालाच पुरले नाही, हे त्याला कोण दाखवणार?

परदेशी खेळाडू घेणे तर प्रतिष्ठेचेच आहे. लीग ऑफ लेजंड्स या खेळात जगाच्या दुसऱ्या विभागातून आलेले दोनच खेळाडू मैदानात उतरवता येतील असे बंधन तो बनवणाऱ्या रायट कंपनीने घालून ठेवले आहे, नाहीतर भाषेच्या घोटाळ्याला आणखी बहर आला असता. नवा खेळाडू संघाची भाषा ‘पुढे’, ‘मागे’ आणि ‘माझी चूक’ एवढ्या तीन शब्दांपुरती शिकला की त्याचे हसरे छायाचित्र प्रसिद्ध करून संवादाचा प्रश्न सुटल्याचे जाहीर करावे. त्याला दुभाषा मिळेलही, परंतु दुभाषा सामना चालू असताना कानात बसत नाही.

भरतीची वेळ कोणती? हंगामाच्या ऐन मध्यावर. ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू बदलण्याची ठरलेली मुदत, उघडण्याची वाट पाहायची, अनेक पर्याय तपासायचे, चाचणीचे सामने खेळवून पाहायचे, ही सारी धीराची कामे आहेत, आणि धीर धरणाऱ्या मालकाची बातमी होत नाही. ओव्हरवॉच या खेळाच्या लीगच्या २०१८ च्या पहिल्या हंगामात शांघाय ड्रॅगन्स हरू लागले, तेव्हा त्यांनी हंगाम चालू असतानाच दक्षिण कोरियातून खेळाडू मागवले. व्हिसाचे सोपस्कार पूर्ण होईपर्यंत पराभव चालूच राहिले, आणि खेळाडू येऊन पोहोचल्यावर चिनी व कोरियन अशा दोन भाषांतून चालू राहिले. हंगामाअखेर हिशेब लागला तो असा: ४० सामने, ४० पराभव. वरातीमागून घोडे पाठवण्याची प्रथा जुनीच आहे, परंतु ते व्हिसा काढून पाठवण्याचा मान या संघाकडे जातो.

एखादा चिकित्सक सल्लागार ओजी या संघाचे उदाहरण देईल, तेव्हा ते आपल्या बाजूने कसे फिरवायचे हे ठाऊक असावे. २०१८ च्या उन्हाळ्यात, डोटा २ ची सर्वांत मोठी स्पर्धा, दि इंटरनॅशनल, अवघ्या काही महिन्यांवर आलेली असताना आणि एक जण आधीच बाहेर पडलेला असताना, या संघातील आणखी दोघे निघून गेले. उरलेल्यांनी प्रशिक्षक सेब यालाच खेळायला बसवले, विश्रांतीवर गेलेल्या आनाला परत बोलावले, मोठ्या मंचाचा जवळजवळ काहीच अनुभव नसलेला टॉपसन नावाचा तरुण घेतला, खुल्या पात्रता फेरीपासून सुरुवात केली आणि ऑगस्टमध्ये व्हँकूवरला पीएसजी.एलजीडी या संघावर ३–२ अशी मात करून स्पर्धा जिंकली. आपण यातून एवढेच उचलावे की ऐनवेळी संघ मोडला तरी विजेतेपद मिळते. हे खेळाडू मालकाने हाकलले नव्हते, ते स्वतः गेले होते. नव्या माणसांची निवड संघात राहिलेल्या खेळाडूंनी आपल्याशी कोणाचे जमेल हे पाहून केली होती. आणि पुढच्या वर्षी शांघायमध्ये दुसऱ्यांदा विजेते ठरले ते हेच पाच जण होते. या तीन गोष्टी सल्लागाराने बोलून दाखवल्या, तर त्याचा करार केव्हा संपतो ते पाहून घ्यावे.

काढलेल्या खेळाडूला लगेच मोकळे सोडण्याचा भाबडेपणा मात्र करू नये. त्याला ‘बेंच’वर ठेवावे. बेंच ही प्रत्यक्षात कोठेच नसलेली एक जागा आहे: खेळाडू घरी असतो, करार आपल्याकडे असतो, पगार पूर्ण किंवा करारात बारीक अक्षरांत लिहिल्याप्रमाणे कमी असतो, आणि दुसऱ्या संघाने विचारणा केली की आपण सांगितलेल्या बायआउटच्या, म्हणजे करारातून सोडवून घेण्याच्या, रकमेपाशी घोडे पेंड खाते. ज्याला आपण खेळण्याच्या लायकीचा समजत नाही त्याची किंमत बाजारात मात्र उत्तम खेळाडूची सांगायची, यात विसंगती शोधणाऱ्यांना व्यवसायातले काही कळत नाही. विसाव्या-बाविसाव्या वर्षी ऐन भरात असलेला खेळाडू असा सहा महिने बसून राहिला, तर त्याचा हात जातो, नाव मागे पडते आणि मग त्याची किंमत खरोखरच उतरते. तेव्हा आपल्याला ‘आम्ही म्हणत होतोच’ असे म्हणता येते.

निरोपाच्या पोस्टचा मसुदा एकदाच करून ठेवावा, नाव तेवढे बदलत जावे. ‘परस्पर संमतीने’ हे शब्द पहिल्या वाक्यात, ‘कुटुंबाचा सदस्य’ दुसऱ्यात आणि ‘नव्या पर्वाची सुरुवात’ शेवटी. छायाचित्र कृष्णधवल असावे. पोस्ट प्रसिद्ध करण्यापूर्वी ज्याच्याविषयी ती आहे त्याला कळवण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते, परंतु ती सक्तीची असल्याचे दिसत नाही.

एवढे करूनही पराभव थांबले नाहीत तर पॅच, म्हणजे खेळात केलेला ताजा फेरबदल, आहेच. लीग ऑफ लेजंड्समध्ये साधारण दर दोन आठवड्यांनी नवा पॅच येतो, कोणाची ताकद वाढते, कोणाची घटते, आणि जिंकण्याची रूढ रीत, जिला मेटा म्हणतात, ती बदलते. मागच्या मेटात उठून दिसलेला खेळाडू या मेटात विकत घ्यावा; कागदपत्रे होईपर्यंत पुढचा मेटा आलेला असतो. सरावाचे तास वाढवणे हाही उपाय आहे. सकाळी स्क्रिम (दुसऱ्या संघाशी सरावाचा सामना), दुपारी स्क्रिम, रात्री एकट्याचे सामने, आणि मधल्या वेळेत प्रायोजकाच्या पेयासोबत स्ट्रीमिंग. अ‍ॅस्ट्रॅलिसने २०१८ व २०१९ मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या लागोपाठ तीन मेजर जिंकल्यानंतर २०२० मध्ये त्यांचा कर्णधार ग्लेव्ह आणि त्याचा सहकारी झिप९एक्स यांना मानसिक ताणामुळे रजा घ्यावी लागली होती. म्हणजे जिंकणारेही थकतात. मग हरणाऱ्यांनी थकण्याचा हक्क कोठून आणला?

सर्वांत धोकादायक उदाहरण लीग ऑफ लेजंड्सच्या टी१ संघाचे आहे, आणि ते आपल्या व्यवस्थापकांच्या हाती लागू नये याची दक्षता घ्यावी. झ्यूस, ओनर, फेकर, गुमायुसी आणि केरिया हे पाच जण २०२२ च्या मध्यापासून गाठलेले पाच अंतिम सामने लागोपाठ हरले. २०२३ च्या उन्हाळ्यात या खेळातला सर्वांत नावाजलेला खेळाडू फेकर याचा हात दुखावला, तो बाहेर बसलेला असताना संघाने आठपैकी सात सामने गमावले, आणि त्याच सुमारास मुख्य प्रशिक्षकाने पद सोडले. कोणत्याही कर्तबगार मालकाने या घडीला निदान दोघांना तरी निरोप दिला असता. टी१ने ते केले नाही. हेच पाच जण त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सोलमध्ये वेइबो गेमिंगला ३–० ने हरवून विश्वविजेते झाले आणि पुढच्या वर्षी पुन्हा झाले. हा निव्वळ योगायोग होता, असे सांगावे. दोनदा कसा झाला असे कोणी विचारले तर फेकरचे नाव घ्यावे, म्हणजे वाद मिटतो.

जिंकलेल्या संघाचे काय, अशी शंका आपल्याला येणे स्वाभाविक आहे. तोही टिकलाच पाहिजे असे नाही. डीआरएक्स या संघाने २०२२ ची विश्वस्पर्धा प्राथमिक फेरीपासून खेळत येऊन, याच टी१ला सॅन फ्रान्सिस्कोत ३–२ ने नमवून जिंकली, आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधी त्या पाचांपैकी चौघे दुसऱ्या संघांत गेलेले होते. चषकाला एवढी मोकळी जागा क्वचितच मिळते.

राहता राहिला गुंतवणूकदारांचा प्रश्न. त्यांच्यासमोर ‘तीन वर्षांची योजना’ मांडावी, आणि पुराव्यादाखल पुन्हा शांघाय ड्रॅगन्सकडेच बोट दाखवावे. त्या ४० पराभवांनंतर त्यांनी संघ जवळजवळ नव्याने बांधला, तरीही पहिला विजय येण्याआधी आणखी दोन सामने ते हरले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो विजय आला आणि २०२१ मध्ये अटलांटा रेनला ४–० ने हरवून त्यांनी विजेतेपद पटकावले. त्यांना एवढी सवड मिळाली याचे एक कारण असे की त्या लीगमध्ये तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत पाठवण्याची सोयच नव्हती; प्रवेशासाठी दोन कोटी डॉलर मोजल्याचे सांगितले जात असे, आणि त्या किमतीत निवांत हरण्याचा हक्क समाविष्ट होता. ती लीग २०२३ च्या हंगामानंतर बंद पडली, हा भाग सादरीकरणाच्या शेवटच्या पानावर, वेळ संपत आल्यावर घ्यावा.

मात्र योजना तीन वर्षांची आहे म्हणून ती तीन वर्षे राबवण्याचा मोह टाळावा. दुसऱ्या पराभवानंतर अस्वस्थ व्हावे, पाचव्यानंतर कर्णधार बदलावा, हंगाम संपताच उरलेले चौघे बदलावेत आणि नव्या जर्सीतल्या नव्या चेहऱ्यांसह तीन वर्षांची योजना पुन्हा पहिल्यापासून जाहीर करावी. अशा रीतीने आपला संघ कायम योजनेच्या पहिल्या वर्षात राहतो, आणि पहिल्याच वर्षी निकाल मागणारा गुंतवणूकदार निघालाच, तर खेळाडूंप्रमाणे त्यालाही बदलता येते का, हे वकिलांकडून तपासून घ्यावे.