खोल टाकीच्या एअर पंपाविषयी खुलासा
नागपुरातील हौशी मत्स्यपालकांच्या गटांवर ‘मिनिटाला जास्त लिटर हवा देणारा कोणताही पंप कितीही खोल टाकीला चालतो’ असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. खोक्यावरचा आकडा बहुधा नळी मोकळी असतानाचा असतो, तर पाण्याचा दाब दर मीटर खोलीला सुमारे ०.०१ मेगापास्कलने वाढतो आणि बारीक छिद्रांचा एअरस्टोन (नळीच्या टोकाला लावलेला, हवेचे बुडबुडे करणारा सच्छिद्र तुकडा) त्यात आपला अडथळा घालतो. दुबळ्या पंपाचा एअरस्टोन पृष्ठभागाजवळ धरला की बुडबुडे जोरात येतात, तळाशी नेला की मंदावतात. हे कोणालाही घरी पाहता येईल. म्हणून आधी पंपाचा दाब पाहावा, हवेचे प्रमाण नंतर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर ही चूक माशांच्या जिवावर बेतू शकते, कारण पाणी तापले की त्यात विरघळणारा ऑक्सिजन घटतो. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.