पाणी आणायला सगळे, काढायला कोणी नाही

"रासायनिक खतांनी आपली काळी आई मेली" हा व्हिडिओ कालपासून मला चार ग्रुपांवर आला. चौघांना तेच तेच उत्तर टाइप करून कंटाळलो, म्हणून इथं एकदाच लिहितो. लांब होईल. ज्याला आत्ता रानात पाण्याची दारं धरायला जायचंय त्यानं रात्री वाचलं तरी चालेल.

कृष्णाकाठी आमचं सव्वातीन एकर रान आहे. त्यातला ओढ्याकडचा पाऊण एकर गेली अकरा वर्षं पांढरा पडलाय. उन्हाळ्यात मीठ फुटतं, पायाखाली कुरकुरतं. पावसाळ्यात तिथला चिखल महिना महिना हटत नाही. वेडी बाभूळ आणि लव्हाळा, एवढंच पीक. हा तुकडा युरियानं मेलेला नाही. तो पाण्यानं मेला, आणि ते पाणी मी आणि आमच्या आण्णांनीच पाजलं.

आजोबांच्या वेळी त्याच तुकड्यात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, व्हायचा. एक साल हरभरा, दुसऱ्या साली त्या बिवडावर, म्हणजे हरभरा काढलेल्या रानात, शाळू. दिवाळीनंतर धनगराच्या मेंढ्या बसायच्या. मग नदीवरून लिफ्टचं पाणी आलं, पाण्यामागनं ऊस आला, आणि ऊस आला तो परत गेलाच नाही. लागण, तोडीनंतर त्याच बुडख्यातनं फुटलेला खोडवा, त्याच्यामागनं निडवा, परत लागण. ऊस वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझं शिक्षण त्याच्याच बिलावर झालंय. हमखास गिऱ्हाईक असलेलं दुसरं कुठलं पीक आपल्याकडं आहे, ते सांगा, उद्या लावतो.

आता जमीन बिघडते कशी ते बघा. आपली काळी माती भिजली की फुगते, आणि तिच्यातून पाणी खाली सरकायला मागत नाही. वरनं मोकाट पाणी सोडत राहिलं की खालच्या पाण्याची पातळी हळूहळू वर चढते. ती मुळाशी आली की उरलेलं काम ऊन करतं. वातीतून तेल चढावं तसं ते पाणी मातीतून वर येतं आणि उडून जातं. त्यात विरघळलेले क्षार मात्र वरच राहतात. ही झाली क्षारपड जमीन. त्यात सोडियम वाढला की मातीचे कण एकमेकांना सोडतात, बारीक होऊन भोकं बुजवतात, आणि जमीन चोपण होते. ओली असताना साबणासारखी, वाळली की फरशीसारखी. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, तिला कधी येतच नाही. आमच्या तुकड्याचा सामू (पीएच) ८.९ आला होता, म्हणजे चोपणच. प्रयोगशाळेतल्या बाईंनी कागद हातात दिला आणि विचारलं, "निचऱ्याची काय सोय आहे?" मी म्हटलं, सोडियम हटवायला जिप्सम किती टाकू ते सांगा. त्या म्हणाल्या, "निचरा नसेल तर जिप्सम टाकून पैसे मातीत घालाल." शब्दशः खरं होतं. तरी मी दोन वर्षं टाकलं.

ही काही नवी गोष्ट नाही, चीड येते ती याचीच. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी ताम्हणे नावाच्या आपल्या एका सहकाऱ्यासोबत नीरा खोऱ्यातल्या खारवटलेल्या जमिनींवर अहवाल छापला तो १९१० साली. म्हणजे पाणी फिरून पंचवीस वर्षं होतात न होतात तोवर मीठ वर आलं होतं आणि सरकारदप्तरी नोंदलंही गेलं होतं. पुढं १९६९ मध्ये केंद्रानं खास क्षारपड जमिनींसाठी कर्नालला संशोधन संस्था काढली. तेव्हा आम्हाला माहीतच नव्हतं, असं म्हणायची सोय कुणालाच नाही.

मग झालं काय? आपलं सगळं धोरण पाणी शेतात आणण्याचं आहे. धरण, कालवा, उपसा योजना, मोटारीला अनुदान, पाइपलाइनला कर्ज. उद्घाटनाला नारळ फोडायला सगळे येतात. तेच पाणी शेताबाहेर कुठून जाणार, हे विचारायला कुणी येत नाही. ओढा खुला केला म्हणून कुणाचा सत्कार झालेला मी तरी पाहिलेला नाही.

कालव्याच्या पाण्याची पट्टी एकरावर आणि पिकावर. दोन पाळ्या कमी घेतल्या म्हणून माझा एक रुपया वाचत नाही. शेतीची थ्री फेज लाईट निम्मे दिवस रात्रीची. रात्री दोनला बिबट्याच्या भीतीत दारं मोडायला कोण जाणार? ऑटो-स्टार्टर लावायचा, सरीच्या तोंडाला दगड ठेवायचा आणि झोपायचं. सकाळी बघावं तर शेवटच्या सरीतनं पाणी शेजाऱ्याच्या बांधावर. शहरातले मित्र म्हणतात, शेतकरी पाणी उधळतो. उधळतो, बाबा. पण रात्री दोनची लाईट मी मागितली नव्हती. २०१७ मध्ये राज्य सरकारनं उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं. निर्णय चांगला होता. आमच्या शिवारात चक्कर मारा आणि किती सऱ्यांत नळ्या दिसतात ते मोजा.

खतांना मी निर्दोष सोडतोय असंही नाही. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, आणि स्फुरदाच्या डीएपीची ५० किलोची गोणी १३५० ला. २०१० मध्ये केंद्रानं स्फुरद-पालाशच्या (फॉस्फरस-पोटॅशच्या) खतांचं अनुदान अन्नद्रव्यांवर बांधलं आणि युरियाला त्यातनं बाहेर ठेवलं, म्हणून तो स्वस्तच राहिला. मग माणूस काय टाकणार? युरिया टाकला की आठ दिवसांत पिकाला काळोखी, म्हणजे गर्द हिरवा रंग, येते, बांधावरून जाणारा विचारतो "काय टाकलंस रं?", आणि मन भरतं. पालाशची काळोखी दिसत नाही. दोष टाकणाऱ्याइतकाच किमती ठरवणाऱ्याचाही आहे, एवढंच माझं म्हणणं.

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ मध्ये आली तेव्हा मी खूश होतो. बारा घटकांची तपासणी, फुकट. नंतर कळलं, बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकटीला एक नमुना. अडीच हेक्टर म्हणजे सव्वासहा एकर, त्यात आमच्या भागात पाच-सहा खातेदार सहज बसतात. माझ्या पत्रिकेतली माती कुणाच्या रानातली, देव जाणे. पण त्याहून मोठी गोम वेगळीच. त्या बारा घटकांत खालचं पाणी किती फुटांवर आहे, हा रकानाच नाही. आमच्याकडं जमीन ज्या रोगानं मरते, तो तपासणीतच धरलेला नाही.

पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवणाऱ्यांवर एक स्वतंत्र पोस्ट लिहीन. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, ते काडी लावून धुरात घालवायचं आणि मग शेणखताची ट्रॉली महाग झाली म्हणून रडायचं. मीही रडलोय. चार वर्षं झाली, जाळत नाही. आता खोडव्यात एक पाळी कमी लागते आणि गांडूळ परत दिसायला लागलंय.

उपाय आहे, आणि तो चालतो. जमिनीखाली साधारण मीटर-सव्वा मीटरवर गाळणी गुंडाळलेले सच्छिद्र पाइप घालायचे, ते मोठ्या पाइपला जोडायचे आणि पाणी नाल्यात सोडायचं. शिरोळकडं साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन हे केलं आणि वर्षानुवर्षं पड असलेल्या रानात परत ऊस उभा राहिला. पण "एकत्र येऊन" हे त्यातलं खरं अवघड काम आहे. विहीर एकट्याची असू शकते, निचरा एकट्याचा होत नाही. माझा पाइप खालच्या शेजाऱ्याच्या रानातून जाणार, त्याचा त्याच्या खालच्याच्या, आणि शेवटी ओढा लागणार. तो ओढा नकाशावर वीस फुटांचा आहे, जागेवर चार. दोन्ही काठांनी ऊस आत सरकत आलाय, आमचाही एक काकरा, म्हणजे नांगराच्या तासाएवढी पट्टी, त्यात आहे, खोटं कशाला बोलू. सरकारला खरंच काही करायचं असेल तर पाइपच्या अनुदानाआधी ओढे मोजून मोकळे करावेत, आणि ज्या उपसा योजनेनं पाणी आणलं तिच्याच खर्चात ते बाहेर काढायची वाट धरावी. ठिबक, पाचट, ताग-धैंच्याचं हिरवळीचं खत हे सगळं करूच, पण तुंबलेल्या रानात धैंचाही पिवळा पडतो, हे मी करून बघितलंय.

आमच्या ओढ्याकडच्या पट्ट्यात सतरा खातेदार आहेत. तेरा तयार झालेत. दोघं पुण्यात असतात, फोन उचलत नाहीत. एकाचं भावकीचं कोर्टात चाललंय. आणि सतरावा माझा सख्खा चुलतभाऊ, ज्याच्या बांधातनं मोठा पाइप जायचाय. बांधावरून आमचं गेली सहा वर्षं बोलणं नाही. रविवारी आण्णांना घेऊन त्याच्या घरी जातोय. आमचा काकरा आधी ओढ्यातनं मागं घेतो म्हणून सांगणार आहे.